शिवल्याशिवाय पाहणं

मराठीत 'शिवणं' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एक सुईदोऱ्याचा, दुसरा हात लावण्याचा. दुसऱ्या अर्थाला आपल्या समाजाने इतकं मळवून ठेवलंय की 'शिवू नकोस' एवढं ऐकलं तरी त्यामागची विहीर, पाणवठा, उंबरठा डोळ्यांपुढे येतो. लहान मुलांच्या खेळात मात्र तोच शब्द हसत पळत येतो. मी पदार्थविज्ञान शिकवतो, भाषा नाही. तरी हा शब्द माझ्या डोक्यात बसला तो अभ्यासक्रमातल्या एका धड्यामुळे. त्या धड्यात एक सुई आहे, आणि ती समोरच्या वस्तूला शिवते की नाही, यावर सगळं अडलेलं आहे.

धडा नॅनो पदार्थांचा. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. गोंदियात बसून हे शिकवायचं म्हणजे यंत्र नसताना यंत्र शिकवायचं. पुस्तकात स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने काढलेली चित्रं असतात. अंड्यांच्या ट्रेसारखे ओळीने मांडलेले उंचवटे, निळे-केशरी. खाली लिहिलेलं असतं की हे अणू. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, हा फोटो आहे का?" मी म्हटलं, नाही, नकाशा आहे. तिने लगेच पुढचं विचारलं, "मग पाहिलं कुणी?"

याचं तांत्रिक उत्तर सोपं आहे. १९८१ साली झुरिकला गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोहरर यांनी हे यंत्र उभं केलं, आणि १९८६ साली त्यांना नोबेल मिळालं. धातूची एक अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाच्या इतकी जवळ न्यायची, की मध्ये एक नॅनोमीटरही अंतर राहू नये. सुई टेकत नाही, तरी इलेक्ट्रॉन ती फट ओलांडतात आणि बारीकसा प्रवाह वाहतो. अंतर नॅनोमीटरच्या एक दशांशाने वाढलं तर प्रवाह साधारण दहापट घटतो. प्रवाह कायम राहावा म्हणून सुई वर-खाली होते, त्या वर-खाली होण्याची नोंद संगणक ठेवतो आणि तिचं चित्र काढतो. अणूला रंग नसतो. निळा आणि केशरी हे चित्र काढणाऱ्याने दिलेले. म्हणजे डोळ्यांनी कुणीच पाहिलेलं नाही. आंधळा माणूस काठीने रस्ता चाचपतो तसं चाचपलेलं आहे, आणि काठीही टेकवलेली नाही.

पण 'पाहिलं कुणी' या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. ज्याने चाचपलं, त्याने समोरच्याला जसं होतं तसं ठेवलं का?

आमच्याकडे या प्रश्नासाठी झुरिकला जायची गरज नाही. गोंदिया धानाचा जिल्हा. धानाचं पोतं विकायला आलं की व्यापाऱ्याचा माणूस पोत्यात एक टोकदार, पन्हळीसारखी पोकळ लोखंडी सळई खुपसतो. ती बाहेर काढली की पन्हळीत मूठभर धान येतं. तो ते तळहातावर चोळतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो, आवाजावरून ओलावा सांगतो. मग भाव ठरतो. यात फसवणूक असेलच असं नाही. पोतं न उघडता आतलं कळण्याचा दुसरा मार्ग त्याच्याजवळ नाही. पण पोत्याला भोक पडलेलं असतं, फोडलेला दाणा आता पेरता येत नाही, आणि ते मूठभर धान बहुतेक वेळा पोत्यात परत जात नाही. शेतकरी ते बघतो, बोलत नाही. 'नुसतं पाहतोय हो,' असं सळईवाला म्हणतो, आणि त्याच्या मते ते खरंच असतं.

नॅनोच्या जगात ही सळई फारच लवकर उघडी पडली. १९८९ साली डॉन आयग्लर या शास्त्रज्ञाने निकेलच्या अतिथंड पृष्ठभागावर झेनॉनचे ३५ अणू त्याच सुईने एकेक करून सरकवले आणि आपल्या कंपनीची तीन अक्षरं लिहिली, आयबीएम. जी सुई पाहते तीच ढकलते. फक्त थोडी आणखी जवळ न्यायची. प्रयोग म्हणून तो अफाट होता, यात वाद नाही. तरी मला दरवेळी गडांच्या भिंतींवर खिळ्याने नाव कोरणारे आठवतात. माणसाचा हात पहिल्यांदा एकेका अणूपर्यंत पोचला आणि त्याने मालकाचं नाव लिहिलं! असो.

इयन हॅकिंग या कॅनडाच्या तत्त्वज्ञाने १९८३च्या एका पुस्तकात हीच गोष्ट उलट्या बाजूने मांडली. सूक्ष्मदर्शकातल्या गोष्टी खऱ्या का मानायच्या? त्या दिसतात म्हणून नव्हे, तर आपण त्यांच्यात ढवळाढवळ करू शकतो आणि अपेक्षेप्रमाणे काहीतरी घडतं म्हणून. इलेक्ट्रॉनचा फवारा मारून दुसरं काही बदलता येत असेल तर इलेक्ट्रॉन आहे. मला हे अणूंपुरतं पटतं. झेनॉनचा अणू ढकलला आणि हलला, तर तिथे काहीतरी होतं हे नक्की. पण एखादी गोष्ट आहे हे कळणं आणि ती कशी आहे हे कळणं, यांत अंतर आहे. ढकलल्याने पहिलं कळतं. दुसरं कळण्यासाठी कधी कधी हात आखडावा लागतो.

हा हात किती आखडायचा, याचं सर्वांत चांगलं उदाहरण लेसरमध्ये सापडतं, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा पुण्याचा आहे. १९८७ साली पुणे विद्यापीठातल्या पी. पी. पाटील, एस. बी. ओगले, व्ही. जी. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला. पाण्यात बुडवलेल्या लोखंडावर त्यांनी रूबी लेसरचे झोत मारले. झोत क्षणाच्याही अगदी लहान तुकड्यापुरता असतो. तेवढ्यात लोखंडाचा वरचा थर वितळतो, उकळतो, आणि भोवतालचं पाणी त्याला तितक्याच झपाट्याने गार करतं. सावकाश तापवून-निववून जी ऑक्साइडं हाती लागत नाहीत, ती अशी अर्ध्या वाटेत गोठून राहतात. द्रवात बुडवलेल्या धातूवर लेसर मारून नॅनोकण करण्याची पद्धत आज जगभर वापरतात. तिचा इतिहास लिहिणारे हा निबंध सुरुवातीच्या कामांत मोजतात. आमच्या मुलांना हे सांगितलं की ती जरा ताठ बसतात. पुणं तसं त्यांना झुरिकइतकंच लांब, पण आडनावं ओळखीची निघतात.

आता लोखंडाचीच ऑक्साइडं दुसऱ्या लेसरखाली ठेवू. रामन तपासणीत पदार्थावर लेसरचा मंद झोत टाकतात आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगांवरून तो पदार्थ कोणता हे ओळखतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली हा परिणाम शोधला तेव्हा लेसर जन्मायचा होता. या तपासणीतली एक खोच जाणकारांना ठाऊक असते. समोर मॅग्नेटाइट आहे आणि झोताचा जोर जरा जास्त ठेवला, तर उष्णतेने त्याचं हिमेटाइट होतं. यंत्र प्रामाणिकपणे हिमेटाइट दाखवतं. यंत्र खोटं बोलत नाही, तपासणारा खोटं बोलत नाही, आणि निष्कर्ष मात्र चुकीचा असतो, कारण जे सापडलं ते विचारण्यानेच तयार झालं. म्हणून चांगल्या निबंधात झोताची शक्ती किती होती, किती वेळ टाकला, हे लिहिलेलं असतं. मला ही नोंद नैतिक वाटते. मी किती जोराने विचारलं, हे उत्तराच्या शेजारी लिहून ठेवणं.

माणसांकडे वळलो की ही नोंद गायब होते. आमच्या जिल्ह्यात विडी वळणाऱ्या बायकांच्या घरी प्रश्नावल्या घेऊन येणारे येतात, आदिवासी पाड्यांवर येतात. प्रश्न विचारतात, फोटो काढतात, जातात. सरकारी गाडीतून उतरलेल्या माणसाला 'घरात खायला पुरतं का?' या प्रश्नाचं एक उत्तर मिळतं, शेजारणीला दुसरं. पहिलं उत्तर अहवालात जातं. झोत किती वॅटचा होता, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

यावरून कुणी म्हणेल, मग लांबच राहा. त्यात तथ्य आहे. महाराष्ट्रातले बहुतेक सारस आमच्याच जिल्ह्यात उरलेत, आणि त्यांची मोजणी करणारे पहाटे शेतांपासून अंतर राखून थांबतात, घरट्याजवळ जात नाहीत. पक्ष्याला शिवायचं नाही, हा त्यांचा नियम शहाणपणाचा आहे. पण ज्या समाजाने 'शिवू नकोस' म्हणत पिढ्यानपिढ्या माणसांना लांब ठेवलं, त्याला लांब राहणं आपोआप निर्दोष मानता येणार नाही. अंतर कुणाच्या सोयीचं आहे, हे दरवेळी विचारावं लागतं.

धानाच्या भुशाचंच पाहा. शंभर किलो धान भरडलं की सुमारे वीस किलो भुसा निघतो. उकडा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये तो बॉयलरखाली जाळतात, आणि वीस किलो भुशाची चारेक किलो राख होते. या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, धानाच्या रोपाने मातीतून शोषलेली. तिच्यापासून नॅनो सिलिका करता येते, आणि सिमेंट, रबर अशा कित्येक धंद्यांना ती हवी असते. आमची मुलं प्रकल्पासाठी हाच विषय हौसेने घेतात. टाकाऊतून टिकाऊ, वर जिल्ह्याचं नाव.

पण भुसा कसा जळला यावर सिलिकेचा स्वभाव ठरतो. जपून, बेताच्या तापमानाला जाळला तर ती अस्फटिक राहते. भट्टी फार तापली आणि राख तिथेच पडून राहिली, तर तिच्यातला काही भाग क्रिस्टोबलाइट नावाच्या स्फटिकात बदलतो. क्वार्ट्झ किंवा क्रिस्टोबलाइट यांची धूळ कामाच्या जागी वर्षानुवर्षं छातीत जाणं हे कर्करोगाचं ठरलेलं कारण आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सांगते. सिलिकोसिस वेगळाच. डोळ्यांना मात्र दोन्ही राखा जवळपास सारख्याच, करड्या. फरक सांगायला क्ष-किरण किंवा तोच रामनचा लेसर लागतो.

इथे लेसर न लावणं म्हणजे काय? बॉयलरच्या मागे पदराने नाक बांधून घमेल्याने राख उपसणारी बाई रोज त्या राखेला शिवते, श्वासाने शिवते. आपण लांब राहिलो म्हणून तिचा स्पर्श थांबत नाही. त्या स्पर्शाचं नाव काय, एवढंच तिला कळत नाही. पोत्यात सळई खुपसली नाही तर धान तसंच राहतं. राखेत लेसर घातला नाही तर फुप्फुस तसंच राहील, याची खात्री कुणी द्यावी?

राखेचे नमुने तपासायला जातच नाहीत, असंही नाही. जातात. सिलिका किती टक्के, रंग किती पांढरा, कण किती बारीक, हे खरेदीदाराला हवं असतं आणि त्याची उत्तरं येतात. स्फटिक आहे का, हा प्रश्नही सिमेंटवाला विचारतो, कारण स्फटिक झालेली राख सिमेंटमध्ये नीट काम देत नाही. म्हणजे अहवालात आकडा कधी कधी असतोही. तो मालाच्या भावासाठी काढलेला असतो, आणि मालाबरोबरच खरेदीदाराकडे जातो.

गेल्या वर्षी प्रकल्पाच्या दोन मुलांना मी एवढंच सांगितलं, की ज्या मिलमधून राख आणाल तिथे ती उपसणाऱ्यांना आधी विचारा, आणि जे निघेल ते त्यांना मराठीत एका कागदावर लिहून द्या. मुलं गेली. राख मिळाली. परत आल्यावर एक जण म्हणाला, "सर, त्या बाई विचारत होत्या, कागद मालकाला दाखवायचा का लपवायचा?"

मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही. क्रिस्टोबलाइटची रेषा निघाली तर ती बाई बॉयलरमागून हटेल आणि तिच्या जागी दुसरी येईल, की मालक राखेवर पाणी मारायला लागेल, हे कुठल्याच लेसरला सांगता येत नाही. नमुना मात्र पाठवला आहे.