वाट कोणी द्यावी?

सेवानिवृत्त मनुष्याला सर्वांत अवघड जाणारा प्रश्न म्हणजे "आज काय केलंत?" हा होय. नोकरीत असताना तो कोणी विचारीत नाही. उत्तर गृहीतच असते. पुढे मात्र कोणीही विचारतो, आणि कोणी न विचारला तर आपणच आपल्याला विचारतो. आम्ही हैदराबादचे रहिवासी. छत्तीस वर्षे हिशेबखात्यात काढल्यामुळे दिवसाचाही जमाखर्च मांडण्याची आम्हांस खोड जडली आहे, आणि अलीकडे जमेची बाजू बहुधा कोरीच राहते. गेल्या उन्हाळ्यात थोरल्या मुलाकडे अमेरिकेत, मेरीलँड राज्यात गेलो असता, त्याच्या शेजारच्या एका वृद्ध दांपत्याने आम्हां उभयतांस आपल्या शिडाच्या होडीतून दिवसभर फिरावयास नेले. त्या एका दिवसाचा हिशेब अजून पुरता जुळलेला नाही.

अ‍ॅनापोलिस हे गाव चेसापीक उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, सेव्हर्न नदीच्या मुखाशी वसलेले आहे. उपसागर उत्तर-दक्षिण सुमारे २०० मैल लांब. पण त्याची सरासरी खोली अवघी २१ फूट. हुसेनसागरावरील शिडांच्या शर्यती आम्ही काठावरून पाहिल्या होत्या, त्यामुळे शीड आम्हांस अगदीच अपरिचित नव्हते. नवल वाटले ते एवढ्याचेच, की या होडीला कोणाच्याही पुढे जावयाचे नव्हते. तीस फुटांची जुनी होडी, आत दोघांपुरत्या निजण्याच्या जागा, एक शेगडी, पाण्याची टाकी. एके काळी या दोघांनी तिच्यातून लांबलांबचे प्रवास केले. आता सकाळी निघावे आणि सायंकाळी परत यावे, एवढेच.

"आज कोठे जाणार?" आम्ही विचारले. यजमान म्हणाले, "वारा दक्षिणेचा आहे. जमलं तर दीपगृहापर्यंत."

हे टॉमस पॉइंटचे दीपगृह म्हणजे उथळ पाण्यात लोखंडी खांबांवर उभे असलेले एक षट्‌कोनी लाकडी घर. १८७५ साली बांधलेले. ते दक्षिणेकडे आणि वाराही दक्षिणेचाच! वाऱ्याच्या थेट तोंडावर शीड चालत नाही. त्याच्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन राखून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे नागमोडी जावे लागते. यंत्राची नौका जेथे घटकाभरात पोहोचावी, तेथे आमची सारी सकाळ गेली. खाली यंत्र होते, पण ते सुरू करण्याची सूचनाही कोणी केली नाही. आमच्या मंडळींनी हळूच विचारले, "अहो, पोचायची घाई नाही, पोचून काही करायचं नाही, मग जायचं तरी कशाला?"

प्रश्न वरवर दिसतो तितका भाबडा नाही. आमच्याकडे उतारवयातील रिकाम्या वेळासाठी वानप्रस्थाची योजना होती, म्हणजे रिकामपणालाही एक काम नेमून दिलेले होते. बर्ट्रांड रसेल यांनी १९३२ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात आळसाची तरफदारी केली, आणि त्यांच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने विश्रांती व फुरसत यांत भेद केला होता: विश्रांती पुन्हा काम करता यावे म्हणून घ्यावयाची, फुरसत मात्र स्वतःसाठीच असते. (त्याच्या नागरिकांची फुरसत गुलामांच्या श्रमांवर उभी होती, हे विसरता येत नाही, होडी बाळगणाऱ्यानेही ते विसरू नये.) पण आमची शंका निराळी होती. रिकामपण चांगले की वाईट, हा वाद राहो. रिकामा माणूस इतरांचे काय देणे लागतो?

उत्तराची सुरुवात एका यंत्राच्या नौकेने करून दिली. ती वेगाने समोरून आली आणि दूर असतानाच वळसा घेऊन आमच्या मागून निघून गेली. "पाहिलंत? म्हाताऱ्यांना मान आहे इथे," आमच्या मंडळी म्हणाल्या. यजमानांनी हसून खुलासा केला, की हा मान नव्हे, नियम आहे. नौकांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांत आणि त्यांच्याच धर्तीवर केलेल्या अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांच्या नियमांत, यंत्राच्या नौकेने सामान्यतः शिडाच्या नौकेला वाट द्यावी असे आहे. तासाभराने बाल्टिमोरकडे निघालेले एक प्रचंड मालवाहू जहाज दिसले, तेव्हा मात्र यजमानांनी पुष्कळ आधीच होडी फिरवली. ते जहाज खोल खोदलेला मार्ग सोडू शकत नाही; ते थांबावयाचे तर मैल-दीड मैल जातो. तेथे शिडाने अडथळा करावयाचा नाही.

आम्ही या नियमांचा विचार करीत बसलो. कोणाचे काम अधिक उपयोगाचे, कोणाचे वय अधिक, कोणाची नौका मोलाची, यांतले काही येथे विचारात घेतलेले दिसत नाही. ज्याला वळणे सोपे, त्याने वळावे, इतकेच. आणखी एक कलम आम्हांस फार मार्मिक वाटले: ज्याला वाट मिळाली त्याने आपली दिशा व वेग कायम ठेवावा. तोही सौजन्याने वळू लागला, तर दोघेही एकमेकांवर जाऊन आदळावयाचे. लखनवी 'पहले आप' पाण्यावर चालत नाही.

पुढे खेकडे धरण्याच्या पिंजऱ्यांचे रंगीत बोये पाण्यावर तरंगताना दिसू लागले. त्यांची दोरी कापली गेली तर पिंजरा तळाशी राहतो आणि कोळ्याचे नुकसान होते. प्रत्येक बोया चुकविताना आमची नागमोडी वाट अधिकच नागमोडी होई. यजमानांना त्याचे काही वाटले नाही. वेळ होताच ना! आम्हांस मात्र घरची आठवण झाली. हैदराबादेस धाकटी सून सकाळी आठ वाजता कामाला निघते, आणि आमचे स्नान नेमके साडेसातला. छत्तीस वर्षांची सवय, असे आम्ही म्हणत असू. साऱ्या घरात वळण्यास सर्वांत मोकळी नौका कोणाची, हा प्रश्न आम्ही कधी स्वतःला विचारलाच नव्हता.

परतीच्या वाटेवर, धक्का दिसू लागताच, यजमान उठले. सुकाणू त्यांनी पत्नीच्या हाती दिले आणि पुढे जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हापासून या दांपत्याचा हा नेम आहे: परतताना होडी बाईंनी एकटीने धक्क्याला लावावयाची आणि यजमानांनी शब्दही बोलावयाचा नाही. बाईंनी शीड उतरविले, यंत्र सुरू केले, होडी वळविली. वाऱ्याने ती बाजूला ढकलली. पुन्हा बाहेर नेली, पुन्हा आणली. दिवसभर बोलणारे ते गृहस्थ गप्प होते. गुडघ्यांवरच्या त्यांच्या मुठी तेवढ्या आवळलेल्या दिसत होत्या. बाईंनी त्यांच्याकडे एकदाही पाहिले नाही. तिसऱ्या खेपेस होडी धक्क्याला अलगद टेकली. या निरुद्देश दिवसाला उद्देश होता तो हाच काय, असे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही.

मुलाच्या मोटारीत आमच्या मंडळी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बँकेचे कागद कुठे असतात, मला ठाऊक नाही."

आम्ही म्हणालो, "आम्ही आहोत ना."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या.

हैदराबादेस परतल्यावर आमचे स्नान नऊ वाजता होऊ लागले, आणि घरखर्चाची वही व कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडे गेल्या. चालू महिन्याच्या पानावर अकरा रुपयांची एक बेरीज चुकलेली आम्हांस दिसते आहे. चार दिवस झाले. अद्याप बोललो नाही.