परक्याच्या वहीत

वाटमारीत ज्याचे ग्रंथ गेले, त्याचीच वही उरली. अफानासी निकितीन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी. आस्त्रखानजवळ त्याला लुटलं, तेव्हा मालाबरोबर धर्मग्रंथही गेले. घरी परतायला तोंड उरलं नाही म्हणून तो पुढे निघाला. इराण, होर्मुझ आणि मग घोड्यासह जहाजाने चौल. साल 1470च्या आसपासचं. वास्को-द-गामा यायला अजून पाव शतक होतं.

व्यापार फसला. आपल्या देशात नेण्याजोगा माल इथे नाही, हे त्याने सरळ लिहून ठेवलं. स्वतःचा तोटा लिहिणाऱ्या व्यापाऱ्याच्या बाकीच्या नोंदींवर माझा विश्वास बसतो.

जुन्नरला असदखान नावाच्या सरदाराने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदल, घोडा परत मिळेल, वर पैसेही, असं सांगितलं. एका खुरासानी मुसलमानाने मध्ये पडून रदबदली केली आणि घोडा सुटला. धमकावणारा आणि सोडवणारा, दोघे एकाच धर्माचे. निकितीनने दोघांनाही वहीत जागा दिली. एकाला गाळून दुसरा लिहिला असता, तर प्रत्येक शब्द खरा असूनही वही खोटी ठरली असती.

ग्रंथ गेल्यावर सणांचा हिशेब गेला. ईस्टर कधी, हे कळेना. रोजे चालू असताना त्यानेही उपवास धरले. वहीचा शेवट होतो तो अरबी-फारसी नावांनी ईश्वराला घातलेल्या हाकेने. तो अखेरीस कोणत्या धर्माचा राहिला, यावर विद्वानांचा वाद आहे. मला त्या शेवटात धर्मांतर दिसत नाही. बोलायला आपलं माणूस नसलेला एकटा जीव दिसतो. अशा वेळी देवाला जी नावं तोंडात येतात, ती येऊ द्यावीत.

घर त्याला दिसलं नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला. व्यापाऱ्यांनी वही मॉस्कोला पोचवली आणि 1475 साली ती बखरीत उतरली. पुढे साडेतीन शतकं तिची कुणाला आठवण नव्हती. इतिहासकार करमझिनला ती एका मठाच्या संग्रहात सापडली आणि 1821 मध्ये रशियन भाषेत छापली गेली. दख्खनच्या गोरगरिबांची साक्ष इतका काळ बर्फाच्या मुलखात पडून होती.

साक्षच ती. मुलूख माणसांनी भरलेला, खेड्यातले लोक उघडेवाघडे, सरदार मात्र ऐश्वर्यात लोळणारे, एवढंच तो सांगतो. आपल्या परभणीचं नाव वहीत नाही. पण परभणीचा मुलूख तेव्हा बहमनी राज्यातच होता आणि लातूर-उदगीर ओलांडलं की त्या राज्याची राजधानी बीदर. त्या उघड्या माणसांत आपले पूर्वज धरायला मला संकोच वाटत नाही. आपल्याकडच्या कागदांत पाटील सापडतो, देशमुख सापडतो. अंगावर कपडा नसलेला माणूस सापडायला परका यावा लागला.

त्याच काळात बहमनी दरबारात मलिक हसन नावाचा सरदार वर चढत होता. इतिहासकार फिरिश्ताच्या तवारिखेप्रमाणे तो मुळात ब्राह्मण, घराणं आपल्या परभणी भागातल्या पाथरीच्या कुलकर्ण्यांचं. लहानपणी पकडून नेलेला, मुसलमान म्हणून वाढवलेला. निकितीनला जुन्नरला निदान प्रश्न तरी विचारला गेला, मुदत मिळाली. या पोराला कुणी विचारलं नाही. परदेशातून आलेला पाहुणा, माझ्या लेखी, आपला धर्म राखून परतीला निघाला आणि इथल्याच मातीतला पोर आपल्या घराला परका झाला.

पण गाव सुटत नाही. मलिक हसनच्या मुलाने अहमदनगरची निजामशाही उभारली. नातू बुऱ्हाण निजामशहा. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. त्याने आजोबांचं गाव मागितलं, मिळेना, तेव्हा 1518 मध्ये फौज पाठवून घेतलं. गाव आल्यावर पाथरी त्याने इनाम दिली ती आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना, असं फिरिश्ता लिहितो.