दोराला एक गाठ

यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावसारख्या गावात जुन्या घरांच्या परसात अजून विहीर दिसते. शेतातली मोठी नव्हे, घरापुरती. पाचेक फूट रुंद, वर कठडा आणि गडगडी. होळी झाली की तिचं पाणी खाली जायला लागतं. बादलीला दोर जास्त सोडावा लागतो. हाताला ते कळतं, पण कामाच्या घाईत डोक्यापर्यंत पोचत नाही. मग एक दिवस बादली बुडतच नाही, आडवी पडते आणि गढूळ पाणी घेऊन वर येते. त्या दिवशी घरात बोलणी सुरू होतात. "हिच्यात आता काही राहिलं नाही. बोअर मारून टाकू." मे महिन्यात बोअरच्या गाड्यांना उसंत नसते. त्यातली एक आपल्या गल्लीत वळते. रात्रभर धडधड आणि धुरळा, सकाळी अंगणात केसिंगचा पाइप उभा. पुढे घराचं काम निघालं की त्याचा मलबा जुन्या विहिरीत जातो. तिनं नेमकं कशामुळे हात टेकले, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं.

नवी विहीर करावी लागली तर जरूर करावी. जुन्या लोकांचा खणायचा हंगाम वैशाखच. पाणी सगळ्यात खाली असताना लागलेला झरा वर्षभर साथ देईल, हा त्यामागचा शहाणा हिशोब. पण खणायला वैशाख चांगला, ठरवायला नाही. तहान लागलेली असताना माणूस सारासार विचार कुठून करणार? आणि विहीर आटते त्याची कारणं एक नसतात. कधी तळाशी नुसता गाळ साचून झरे बुजलेले असतात. गाळ काढला की विहीर पुन्हा लागती होते. कधी आतलं बांधकाम ढासळलेलं असतं. कधी आसपास खोल बोअर वाढलेले असतात, आणि कधी सगळ्या आळीचंच पाणी खाली गेलेलं असतं. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम, मुरुमाखाली खडक. उथळ विहीर बहुतेक त्या मुरुमाच्या थरातलं पाणी पिते. बोअर खडकातल्या भेगा शोधतं. भेग सापडली तर पाणी, नाहीतर कोरडी धूळ आणि फुटाफुटानं वाढलेलं बिल. म्हणून आधी जुनीची चौकशी करावी. ती वर्षभर, थोडी थोडी करायची असते.

सवय अगदी लहान आहे. दोराला दगड बांधायचा, तो तळाशी टेकवायचा, वर ओढायचा. दोर जिथपर्यंत ओला झाला तेवढं पाणी. सकाळी पहिली बादली काढायच्या आधी हे करायचं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहायचा. दुधाचा हिशोब तिथे असतोच, त्याच्या शेजारी हा. पाच फूट रुंद विहिरीत फूटभर पाणी म्हणजे साधारण साडेपाचशे लिटर, हे एकदा ध्यानात ठेवलं की आकडा बोलायला लागतो. रविवारी आणखी एक करून पाहा. बरंच पाणी उपसून झालं की पुन्हा तेवढं भरायला किती वेळ लागतो, तेही टिपून ठेवा. पाणी कमी आहे की झरा मंदावला आहे, हे त्यावरून उमगतं. घरातल्या वडीलधाऱ्यांचं ब्लडप्रेशर आपण वहीत लिहून ठेवतो आणि डॉक्टर आधी ती वही बघतात, तसंच हे. सरकारही वेगळं काही करत नाही. 1972च्या दुष्काळाच्या सुमारास उभी राहिलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तालुक्यातलं पाणी किती मीटर खाली गेलं, ही बातमी अशाच मोजण्यातून येते. तुमच्या परसातली विहीर त्यांच्या यादीत नसेल. तुमच्या कॅलेंडरवर असू शकते. पाणाड्याला बोलवायचंच असेल तर बोलवा, नारळही द्या. कॅलेंडरची पानं मात्र त्याच्यासमोर ठेवा. आणि गाळ काढायची वेळ आली तर एकट्यानं खाली उतरू नका. बंद पडलेल्या विहिरीत हवा कोंदलेली असते, तिथे माणूस आवाज न देता कोसळतो. जाणत्या माणसांकडूनच ते काम करून घ्या. पाणी उपसायचं इंजिन आत उतरवू नका, त्याचा धूर जीव घेतो.

एवढं करूनही बोअर घ्यावंच लागलं, तर त्याचं पाणी प्यायच्या आधी तपासून घ्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक गावांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि खोल पाण्यात ते वाढलेलं असण्याची शक्यता अधिक. त्याला रंग नाही, चव नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही. लिटरला दीड मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांचे दात डागाळतात, मोठ्यांची हाडं दुखू लागतात. बाटलीभर पाणी घेऊन सरकारी प्रयोगशाळेपर्यंत एक चक्कर, एवढंच काम आहे. आणि जुनी विहीर बुजवू नका. घरात वय झालेलं माणूस शेतावर जात नाही, तरी घराला त्याचा केवढा आधार असतो! विहिरीलाही हलकं काम देता येतं: पाऊस जमिनीत मुरवायचं. हिशोब करून बघा. आपल्या भागात वर्षाला 900 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर तो 80 हजार लिटरहून जास्त होतो. सांडलेलं, उडालेलं वजा केलं तरी 65 हजार लिटर हाती लागावं. जल जीवन मिशन माणशी रोज 55 लिटर धरतं. त्या मापानं पाच माणसांच्या घराचं हे जवळजवळ आठ महिन्यांचं पाणी. जमिनीत सोडलेलं सगळंच काही आपल्याकडे परत येणार नाही, थोडं शेजारच्या विहिरीला लागेल. लागू दे, त्यांच्या छपराचं आपल्याला लागेल. छपराला पन्हाळ, पन्हाळीला पाइप, मध्ये खडी-वाळूचा गाळणखड्डा, आणि तिथून विहिरीत. गावातला प्लंबर आणि गवंडी मिळून हे करून देतात, फक्त त्यांना मृगाच्या आधी गाठा. पहिल्या दोन-तीन सरी मात्र बाहेर वाहून जाऊ द्या. छपरावर वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण असते. ती धुऊन निघाली की पाइप विहिरीकडे वळवा.