घाट, पट आणि पुनर्मुद्रण

पुनर्मुद्रणात एखाद्या कृतीचे काय टिकते आणि काय निसटते, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा पाठचिकित्सेच्या अंगाने झाली आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली बरेच संस्कार करून प्रसिद्ध केला. हस्तलिखितातील पाठ वाचकांसमोर आला तो दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ च्या आवृत्तीत. मधली एकोणसाठ वर्षे मराठी वाचक गोडशांना वाचत होता की वैद्यांना, असे विचारता येते आणि शब्दाशी शब्द ताडून त्याचे उत्तरही देता येते. परंतु ज्या कृतीचा आशय शब्दांत नसून नियमांत असतो, तिच्याबाबत हे ताडणे कसे करावयाचे? आणि तिच्यातून जे वगळले गेले आहे, त्याचे उत्तरदायित्व मूळ रचनाकाराचे की पुनर्मुद्रकाचे? रेल्वेवरील पटखेळांच्या निमित्ताने हा प्रश्न मांडावयाचा आहे. समीक्षेच्या नियतकालिकात हा विषय काहीसा उपरा वाटेल. पण या पटांपैकी एक हिंदुस्थानचा आहे, आणि कर्जत–खालापूर परिसरात अध्यापन करणाऱ्याला त्यावरील डोंगर परका राहत नाही.

फ्रान्सिस ट्रेशम (मृत्यू २०१९) या इंग्रज रचनाकाराने १९७४ साली ‘१८२९’ हा खेळ आपल्या हार्टलँड ट्रेफॉइल या छोट्या संस्थेमार्फत काढला. षट्कोनी घरांच्या नकाशावर खेळाडू रुळांचे तुकडे मांडतात, कंपनीसाठी गाड्या विकत घेतात आणि त्याच वेळी कंपन्यांच्या समभागांची खरेदी-विक्री करतात. नशिबाला येथे फारसा वाव नाही. याच कुळातील ‘१८३०’ हा खेळ अमेरिकेत ॲव्हलॉन हिल या मोठ्या संस्थेने १९८६ साली बाजारात आणला. १९८९ साली ट्रेशमने ‘१८५३’ रचला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ते हे वर्ष. या खेळात त्याने शेअरबाजाराहून अभियंत्याच्या कामाला, म्हणजे दुर्गम भूभागातून मार्ग काढण्याला, अधिक महत्त्व दिले. २००९ मध्ये जर्मनीतील लुकआउट गेम्सने त्याची नवी आवृत्ती काढली. अमेरिकेतील विन्सम गेम्स ही अशीच छोटी संस्था. तिचा ‘वाबॅश कॅननबॉल’ (२००७) साध्या नकाशावर आणि लाकडी ठोकळ्यांवर खेळला जाई. पुढच्याच वर्षी क्वीन गेम्सने तो ‘शिकागो एक्सप्रेस’ या नावाने, मोठ्या खोक्यात आणि छोट्या लाकडी इंजिनांसह, दुकानांत ठेवला. नाव बदलले, रूप बदलले. नियम मूलतः तेच राहिले.

नियम राहिले म्हणजे कृती राहिली, असे म्हणता येईल काय? मोक्षपटाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. ज्ञानदेवांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या या पटावर घरोघर पापपुण्यांची नावे असत. पट इंग्लंडला गेला तेव्हा ती बदलली. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडलीने १९४३ साली साप काढून त्यांच्या जागी घसरगुंड्या ठेवल्या. नियम अबाधित होता, पण तो केवळ दान पडण्याचा नियम होता. मोक्षपटाची नीती घरांवरच्या अक्षरांत होती. अक्षरे गेली आणि तीही गेली. रेल्वेच्या पटांची गोष्ट उलटी आहे. कोणी काय मोजावे, कोणाचे नुकसान कोणी सोसावे हे तेथे नियमच ठरवितो. म्हणजे या पटांची नैतिक चिकित्सा चित्रांपाशी थांबली तर ती निरर्थक होय.

आता घाटाकडे वळू. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये तो खुला झाला. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढण, पंचवीस बोगदे, आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. १८६१ च्या प्रारंभी येथे बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे कामावर होती. पटकीने आणि अपघातांनी किती मेली, याचे अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातात. अंदाजच, कारण मेलेल्यांची एकेक नोंद करण्याची गरज कोणाला भासली नाही. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले, त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही दिवसांतच मरण पावला, आणि त्याची विधवा ॲलिस हिने कंत्राट पुढे चालविले.

‘१८३०’ च्या पटावर डोंगरी घराची किंमत छापलेली आहे: १२० डॉलर. ती एकदा बँकेत भरली की डोंगर मोकळा होतो. ही बँक म्हणजे कोण, हे खेळात कोणी विचारीत नाही. पटावर किंमत नेहमी चुकती होते, ती थकू शकत नाही. घाटातला दंगा नेमका ती थकल्यामुळे झाला होता. माझ्या मते मजुरांची चित्रे नसण्यापेक्षा ही उणीव अधिक गंभीर आहे, कारण ती कोणत्याही चित्राने भरून येणारी नाही.

मग पुनर्मुद्रकाने मृतांसाठी एखादा नियम घालावा काय? डोंगरात रूळ टाकताना इतक्या सोंगट्या पटाबाहेर, अशा स्वरूपाचा? अशा सूचनेमागील सद्हेतू मान्य करूनही ती मला स्वीकारार्ह वाटत नाही. सोंगटी आली की तिची किंमत ठरते, आणि किंमत ठरली की चांगला खेळाडू ती हिशेबात धरून मोकळा होतो. मृत्यू हा आणखी एक खर्च होऊन बसेल, आणि तोही स्वस्त. वगळणुकीत निदान एक मोकळी जागा राहते. ही भरपाई तेवढीही ठेवणार नाही.

याहून अवघड पेच हमीचा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला १८४९ च्या करारानुसार भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती. तूट पडल्यास ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघे. भागधारकाचा धोका रयत उचलीत होती. आणि धोका हा तर या खेळांचा प्राण! कंपनी बुडू शकते, भाव कोसळू शकतो, म्हणून तर खेळाडू रात्र रात्र पटाला खिळून राहतात. हमीचा नियम जसाच्या तसा आणला तर पट इतिहासाशी प्रामाणिक होईल आणि खेळ म्हणून निष्प्राण. रा. भा. पाटणकरांनी लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशी जी दोन टोके मांडली, त्यांतील ताण येथे अगदी उघडा पडतो. खेळाचे जग स्वायत्त आहे म्हणावे, तर त्यावर १८५३ हा आकडा आणि हिंदुस्थानचा नकाशा कशाला? लौकिकाशी बांधील आहे म्हणावे, तर साहसी उद्योजकाची ही प्रतिमा खोटी ठरते. मला दुसरी बाजू अधिक पटते. ज्याने खरे ठिकाण उसने घेतले, त्याला त्या ठिकाणाबद्दल प्रश्न विचारले जाणारच.

याचा अर्थ हलक्या कागदावरची अल्पप्रत आवृत्ती आपोआप सत्त्वशील आणि बाजारी आवृत्ती भ्रष्ट, असा नव्हे. दुर्मिळतेलाच गुण समजण्याची सवय आपल्याला लघुअनियतकालिकांच्या काळापासून जडली आहे. खेळ चार लोकांच्या हाती जावा, ही अपेक्षा रास्तच आहे. तक्रार आहे ती सजावटीबद्दल. साध्या नकाशावरचा उघडा आकडा निदान आपण आकडा आहोत हे लपवीत नाही. ‘तिकिट टु राइड’ या अत्यंत खपाच्या खेळाचा २०११ साली आलेला भारताचा नकाशा पाहावा. त्यात वर्तुळाकार मार्ग जुळविणाऱ्याला ‘मंडल’ म्हणून जादा गुण मिळतात. हा मूळचाच बाजारी खेळ, पुनर्मुद्रण नव्हे; पण पुनर्मुद्रणांची सजावट ज्या दिशेने झुकते ती येथे स्पष्ट दिसते. रिकाम्या जागी अध्यात्म भरले की ती जागा रिकामी होती, हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

ट्रेशमच्या कुळातील खेळांत एक नियम मात्र लक्षणीय आहे. गाड्या कालबाह्य होतात आणि पटावरून जातात. टाकलेला रूळ उचलला जात नाही, फार तर त्यावर अधिक चांगला तुकडा येतो. फसलेला मार्गही शेवटपर्यंत सर्वांच्या डोळ्यांसमोर राहतो. १८५६ साली मुंबईहून येणारी गाडी खोपोलीला थांबे. १८५८ मध्ये खंडाळा–पुणे मार्ग सुरू झाल्यावर उतारू मधला घाट पालखीने वा तट्टावरून चढत. १८६३ नंतर गाड्या कर्जतहून घाट चढून थेट जाऊ लागल्या आणि खोपोली फाट्याच्या टोकाला उरली. ज्या टप्प्यावर गाडी तोंड फिरवून पुढे चढे, ते घाटातील उलटफेरीचे स्थानकही १९२९ मध्ये बंद झाले. पळसदरीपासून खोपोलीकडे जाणारा रूळ तसाच आहे, आणि त्यावरून कर्जतची गाडी अजून ये-जा करते.