कडेला बसलेल्यांसाठी



लातूर काय, नांदेड काय, जून महिना आला की घरोघरी एकच विषय असतो: नीटचा निकाल. आपल्या धर्मग्रामातील मुलेही या शर्यतीत आहेत. मिस्सा संपल्यावर एक आई मला भेटली. म्हणाली, "फादर, पोराला मार्क कमी पडले. आता पुन्हा एक वर्ष क्लास. लोक विचारतील म्हणून तो देवळातही येत नाही."

त्या मुलासाठी आज एका फुटबॉलपटूची गोष्ट सांगतो.

लिस्टन कुलासो हा गोव्याचा, मडगावजवळच्या दवर्लीचा मुलगा. जन्म १९९८चा. तो विंगर आहे, म्हणजे मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन वेगाने धावणारा खेळाडू. २०१७ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, तो संतोष करंडकात गोव्याकडून चमकला आणि एफसी गोवा संघाने त्याला घेतले. सगळे झटपट घडत होते. पण पुढची अडीच वर्षे त्याला खेळण्याची संधी फारशी मिळाली नाही. बराच काळ तो राखीव खेळाडूंच्या बाकावरच होता.

जानेवारी २०२० मध्ये तो हैदराबाद संघात गेला. कोरोनामुळे २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगचे सर्व सामने गोव्यात झाले. ज्या गोव्यात तो बाकावर बसला होता, तेथेच तो हैदराबादच्या जर्सीत धावला आणि सर्वांच्या नजरेत भरला. २०२१ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानने मोठी रक्कम मोजून त्याला घेतले. पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये ८ गोल केले.

पुढच्या हंगामात मात्र गोल जवळजवळ थांबले. तरी १८ मार्च २०२३ रोजी, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, अंतिम सामना पेनल्टीवर गेला तेव्हा तो पुढे आला. त्याने गोल केला आणि संघ विजेता ठरला.

प्रियजनहो, विचार करा. बाकावर बसलेल्या लिस्टनच्या पायांत वेग नव्हता का? होता. तो फक्त लोकांना दिसला नव्हता. आपल्याला दिसत नाही ते अस्तित्वातच नाही असे आपण समजतो, आणि इथेच आपण चुकतो. प्रभू येशू वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षापर्यंत नाझरेथमध्ये अप्रसिद्ध जीवन जगला. ती वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल?

मात्र वाट पाहणे म्हणजे हातावर हात धरून बसणे नव्हे. करिंथकरांना लिहिताना संत पौलाने धावपटूंचे उदाहरण दिले, ते त्यांच्या कठोर शिस्तीसाठी. बाकावरच्या खेळाडूलाही रोजचा सराव चुकत नाही.

आईवडिलांनो, मुलगा घरी आला की आधी "जेवलास का?" असे विचारा. मार्कांचे नंतर पाहू. शेजाऱ्यांनो, निकाल विचारण्याआधी थोडे थांबा.

आणि बाळा, तू येत्या रविवारी मिस्साला ये. प्रभूच्या मेजाजवळ तुझी जागा आहे. तेथे गुणवत्ता यादी लागत नाही.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.

आपला,
फादर