सैल पकड

सोयीचे वाटेल तसे बसा. डोळे मिटलेत तरी चालेल. आज एका रेणूपाशी थोडा वेळ थांबायचे आहे.

त्याच्या एका टोकाला उजेड देणारा भाग आहे, दुसऱ्या टोकाला पाहुण्यासाठी मोकळी जागा, मध्ये कार्बनचा लहानसा दुवा. अतिनील किरण त्याच्यावर पडतात. ऊर्जा पोचते, पण रेणू उजळत नाही. मोकळ्या जागेपाशी असलेला इलेक्ट्रॉन दुवा ओलांडून झेप घेतो आणि ती ऊर्जा उष्णतेत विरते. हे सारे सेकंदाच्या अब्जांश भागांत उरकते. आपण मात्र सावकाश पाहू. अंधार दिसतो तिथे ऊर्जा आलेली आहे, एवढे ध्यानात असू द्या.

आता सोडियमचा आयन येऊन त्या जागेत बसतो. त्याच्या धनभाराने इलेक्ट्रॉन जागीच अडतो, आणि रेणू उजळतो.

रसायनशास्त्रज्ञ ए. प्रसन्न डि सिल्वा यांनी आयुष्य वेचले ते अशा रेणूंवर. श्रीलंकेत जन्म, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात डॉक्टरेट, मग पुन्हा मायदेश. या तत्त्वावर आम्लता ओळखणाऱ्या रेणूंचे त्यांचे कोलंबोतले संशोधन १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८६ मध्ये ते बेलफास्टला परतले, तेव्हा त्या शहरात अधूनमधून बॉम्बस्फोट होत आणि लष्करी गस्त नेहमीची होती. १९९३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘नेचर’मध्ये एक रेणू मांडला. सोडियम आणि हायड्रोजन, दोन्ही आयन आले तरच तो लख्ख उजळे. एकट्याने काम भागत नसे.

बेलफास्ट ज्या आयर्लंड बेटावर आहे, त्याच बेटावर, स्लायगो परगण्यात, १८१९ मध्ये जॉर्ज स्टोक्स जन्मले. न दिसणारे किरण पिऊन क्विनीनचे द्रावण निळे चमकते, याचा उलगडा त्यांनी १८५२ मध्ये केला. आपल्याकडे हिवतापावर पूर्वी सर्रास दिले जाणारे तेच कडू क्विनीन.

श्वास चालू द्या. आता रक्ताचा विचार करू. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात सोडियम साधारण १३५ ते १४५ मिलिमोल असते. ते फार उतरले की माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, झटकेही येतात. रक्तातले सोडियम मोजणाऱ्या काही यंत्रांत डि सिल्वांच्या पद्धतीचे रेणू आहेत.

अशा रेणूची पकड किती घट्ट असावी? मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा प्रश्न. पकड फार घट्ट झाली, तर सगळ्या जागा आधीच भरून जातील. मग सोडियम वाढो की घटो, उजेड तेवढाच. फार सैल झाली, तर कुणी टिकणारच नाही. म्हणून ती अशी बेतावी लागते, की रक्तात नेहमीएवढे सोडियम असताना सुमारे निम्म्या जागा भरलेल्या राहतील आणि निम्म्या रिकाम्या.

एक आयन येतो, क्षणभर टेकतो, निघून जातो. दुसरा येतो. जागा पुन्हा मोकळी होते. हे येणेजाणे मनाशी पाहत राहा, आणि जागा मोकळी झाल्यावर ती लगेच भरायची घाई करू नका.