मनुष्यानें ओढलेली रिक्षा

मनुष्यानें मनुष्याला ओढावें काय, हा प्रश्न घरीं बसून सोपा वाटतो. कोलकात्याच्या रस्त्यावर तो अवघड होतो. तेथें विजेची ट्राम 1902 सालीं धांवूं लागली, देशांतील पहिली भुयारी रेल्वे 1984 सालीं सुरू झाली. हातरिक्षा मात्र हटली नाहीं. 2006 सालीं विधानसभेनें तिच्या बंदीचें विधेयक संमत केलें, तरीही ती उरलीच.

जोडासाँको येथील रवींद्रनाथांचें घर पाहावयास आम्ही उभयतां निघालों असतां बडाबाजारच्या गर्दींत एका वृद्ध रिक्षावाल्यानें हातांतील घंटी वाजविली. बसावें, तर दोघांचा भार त्याच्या हातांवर. न बसावें, तर आमचें सोंवळें टिकतें, पण त्याची चूल पेटत नाहीं. कामाविना पैसे द्यावे, तर श्रमिकाचा याचक होतो.

आम्ही बसलों, आणि भाड्याची घासाघीस केली नाहीं. ही प्रथा जावी, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून आपल्या मनाची टोंचणी शमविणें ही दया नव्हे. बंदी मागणाऱ्यानें आधीं त्या मनुष्याच्या हातीं दुसरें काम द्यावें. तोंपर्यंत ती टोंचणी आपणच वाहिली पाहिजे.